खटला प्रशिक्षकावरच का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावात सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई करंडकाचे दार बंद झाले. लगेच फुटबॉलप्रेमींचा खटला सुरू! कुणी म्हणे प्रशिक्षक खालिद जमील दोषी, कुणी म्हणे बचावफळी, कुणी महासंघ. अहो, २०२४ पासूनचे हे तिसरे प्रशिक्षक. स्टिमॅक गेले, मार्केझ गेले; गोलांचा दुष्काळ हटला नाही. निवृत्त छेत्रीला वयाच्या चाळिशीत परत आणावे लागले, यातच सारे आले. आपले बडे क्लब आघाडीला बहुधा परदेशी खेळाडू लावतात. आपली पोरे कडेला, नाहीतर बाकावर. मग देशासाठी गोल मारायला शिकणार कुठे? आणि त्या परदेशी गोलवीरांसाठी घसा कोरडा करणारे प्रेक्षक कोण? आपणच की!