क्रमवारी हवी, सहीनिशी

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. दरवर्षी या दिवशी फाळक्यांच्या तसबिरीला हार पडतात, भाषणे होतात, मराठी माणसाने देशाला सिनेमा दिल्याचा अभिमान सांगितला जातो. तो रास्तच आहे. पण शंभरहून अधिक वर्षांच्या या परंपरेतले थोर चित्रपट कोणते, असे कोणी विचारले तर चार-दोन नावांपुढे आपली मजल जात नाही.

सर्वोत्तम चित्रपटांची क्रमवारी लावणे हा रिकामटेकडा उद्योग आहे, असे अनेक जाणते लोक मानतात. कला म्हणजे शर्यत नव्हे, ‘प्यासा’ आणि ‘शोले’ एका मापाने कसे मोजणार, हा त्यांचा आक्षेप. त्यात तथ्य आहे. तरीही दहाच नावे लिहायची अट पडली की आवडता चित्रपट आणि थोर चित्रपट यांतला फरक मनाशी ठरवावाच लागतो. अकराव्या नावावर काट मारताना कारण शोधावे लागते, आणि खरी समीक्षा तिथूनच सुरू होते.

‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. पहिल्या कौलात ‘बायसिकल थीव्ह्ज’ अव्वल ठरला; ‘सिटिझन केन’ पहिल्या दहांतही नव्हता. पुढे १९६२ ते २००२ असा सलग पाच वेळा तोच पहिला आला. २०२२ मध्ये सोळाशेहून अधिक जणांनी मत दिले आणि शांताल आकेरमन यांचा १९७५चा ‘जान दिलमान’ अग्रस्थानी पोहोचला. या कौलात स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट प्रथमच पहिला आला. तीन तासांहून लांब अशा या चित्रपटात एक विधवा घर आवरते, बटाटे सोलते, स्वयंपाक करते. दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात आणि तेवढ्यावरून, तिच्या आत काहीतरी ढासळू लागले आहे, हे प्रेक्षकाला कळते. त्या निकालावर नाके मुरडली गेली, पण ज्यांनी नावही ऐकले नव्हते त्यांनी तो चित्रपट शोधून पाहिला. क्रमवारीचे सार्थक याहून वेगळे काय असते?

त्या कौलाचे बळ सहीत आहे. कोणी कोणते दहा चित्रपट निवडले ते नावानिशी छापले जाते. संकेतस्थळांवरच्या ताऱ्यांच्या सरासरीमागे असा जबाबदार माणूस दिसत नाही, त्यामुळे तिच्याशी वादही घालता येत नाही.

फिप्रेसी या समीक्षक संघटनेच्या भारतीय शाखेने २०२२ मध्ये काढलेल्या देशातल्या दहा सर्वोत्तम चित्रपटांत ‘पथेर पांचाली’ पहिला आला. मराठी चित्रपट एकही नव्हता. यावर रुसून उपयोग नाही. १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवल्या गेलेल्या ‘संत तुकाराम’मध्ये चप्पल उगारून पांडुरंगाला जाब विचारणारी जिजाई जगातल्या कोणत्याही थोर व्यक्तिरेखेशेजारी उभी राहील. हे जगाला सांगायचे तर आधी आपली यादी आपण करायला हवी. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘फँड्री’, ‘कोर्ट’ यांचा क्रम काय? जब्बार पटेलांचा ‘सामना’ वर की ‘सिंहासन’? पुण्यात दोन वर्षांहून अधिक काळ चाललेला ‘सांगत्ये ऐका’ केवळ लोकप्रिय म्हणून मागे ठेवायचा का? या प्रश्नांवर कडाक्याचे वाद झडले पाहिजेत.

समीक्षक, दिग्दर्शक, तंत्रज्ञ, फिल्म सोसायट्यांचे कार्यकर्ते आणि जाणकार प्रेक्षक यांनी दर दहा वर्षांनी प्रत्येकी दहा नावे, कारणांसह आणि सहीनिशी द्यावीत. निवडलेले चित्रपट चांगल्या प्रतींतून जिल्ह्याजिल्ह्यांत दाखवण्याची जबाबदारी शासनाने घ्यावी. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्याची मदत मागावी. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाची पूर्ण प्रत आज उपलब्ध नाही, हे विसरता कामा नये. ज्याचे नाव कोणी घेत नाही, त्याच्या जतनासाठी कोणी धावतही नाही.

पहिली यादी अपुरी असेल, तिच्यावर टीका होईल, पुढच्या दशकात ती बदलेल. ती खोडून काढू पाहणाऱ्या नव्या पिढीला मात्र आधी ते चित्रपट पाहावे लागतील, आणि एवढ्यासाठीच ही यादी आता व्हायला हवी.