शिदोरी इथली, नजर तिथली

परदेशातल्या संस्कृती-संशोधन केंद्रात इंटर्नशिप मिळाली की नाशकात विद्यार्थ्याचं कौतुक होतं. ते व्हावंच, पण तिचं फळ तिथल्या मुक्कामापेक्षा इथल्या तयारीवर ठरतं. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले, हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपटनिर्मिती पाहून लवकरच परतले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. एवढं थोडं शिक्षण पुरलं, कारण छायाचित्रण आणि छपाई त्यांना आधीच अवगत होती. फाळके तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते, विशीतल्या पोरांनी ही शिदोरी आणायची कुठून, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच ती कॉलेजांनी बांधून द्यावी. पांडवलेण्यांतले सातवाहन-क्षत्रपांचे ब्राह्मी लेख शहराला लागूनच आहेत. निदान ते वाचायला तरी शिकवावं. मग इथलंच शिकायचं तर परदेश कशाला, असं कुणी म्हणेल. धनगरांमध्ये फिरून खंडोबा-बिरोबांचा अभ्यास करणारे जर्मन संशोधक सोन्थायमर हायडेलबर्गला शिकवत. सवयीमुळे घरच्यांना न दिसणारं बाहेरून आलेल्याला दिसतं. ती नजर आपल्या मुलांनीही कमवावी. मात्र पाहायला स्वतःची सामग्री नसेल, तर इंटर्नशिप म्हणजे नुसतं प्रमाणपत्र.