व्हिसा मालकाच्या खिशात नको

अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जामागे १ लाख डॉलर मोजा, असे फर्मान डोनाल्ड ट्रम्प यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये काढले आणि लालबाग-परळच्या टॉवरांतही झोप उडाली. इथल्या कापड गिरण्यांत साचे चालवणाऱ्यांची नातवंडे आता डलास, न्यू जर्सीत संगणकावर बसतात. आपल्याकडे ‘भारतीयांवर अन्याय’ एवढाच सूर लागला. अमेरिकी कामगाराच्या तक्रारीतही तथ्य आहे, आणि गिरणगावाला तरी ते समजायला हवे.

फ्लोरिडात डिस्नेने सुमारे अडीचशे संगणक कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. जाण्यापूर्वी त्यांना आपल्याच जागी आलेल्यांना काम शिकवावे लागले; त्यांत भारतातून व्हिसावर आलेले बरेच होते. २०१५ मध्ये हे प्रकरण गाजले, कोर्टात मात्र टिकले नाही. एच-१बीवर फार विसंबणाऱ्या कंपनीने स्थानिकाला काढून व्हिसावाला घेऊ नये, अशी अट कायद्यात आहे. पण व्हिसावाल्याला वर्षाला ६० हजार डॉलर पगार दिला की ती लागूच होत नाही. हा आकडा १९९८ चा. आजतागायत हललेला नाही. पळवाट म्हणायची ती हीच.

व्हिसावर गेलेल्याची गत काय? नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर मुलांच्या शाळेसकट गाशा गुंडाळायचा. ग्रीन कार्डात एका देशाच्या वाट्याला ७ टक्केच येतात, म्हणून भारतीयांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. असा माणूस जादा तासांना नाही म्हणेल कसा? आणि तो म्हणत नाही म्हणून शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकनालाही म्हणता येत नाही.

मुंबईच्या गिरण्यांतल्या बदली कामगाराने हेच भोगले. पाळीच्या आधी गेटवर उभे राहायचे. कायम गडी गैरहजर असला तर आत, नाहीतर घरची वाट. भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातात होती तोवर त्याची मर्जीही राखायची. बाहेर बदली ताटकळत असे, म्हणून आतल्या कायम गड्यालाही मान वर करता येत नसे. ‘बदल्यांना कायम करा’ ही १९८२ च्या गिरणी संपातली मागणी त्यामुळेच सगळ्यांची झाली. संप फसला, कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणले जाऊ लागले. याच गिरणगावात साठच्या दशकात नोकऱ्यांचा राग दाक्षिणात्यांवर काढला गेला होता. गिरण्या काही त्यांनी बंद पाडल्या नाहीत.

१ लाख डॉलरच्या शुल्काने यातले काही सुधारत नाही. एवढी रक्कम भरणारा मालक माणसाला उलट अधिकच जखडून ठेवील. म्हणून केंद्र सरकारने व्यापार वाटाघाटींत व्हिसांची संख्या वाढवून मागण्याऐवजी दोन गोष्टी लावून धराव्यात. व्हिसा कामगाराच्या नावावर असावा, मालक बदलला तरी तो चालू राहावा. आणि अमेरिकेत सामाजिक सुरक्षेसाठी पगारातून कापले जाणारे ६.२ टक्के, जे दहा वर्षांच्या आत परतणाऱ्याला दोन्ही देशांत करार नसल्याने कधीच मिळत नाहीत, त्यांच्यासाठी करार व्हावा.

मात्र याच सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू केल्या. कामगारकपातीला सरकारी परवानगी पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्यालाही लागे. आता ती तीनशेपासून लागते. घरच्या कामगाराचे संरक्षण असे पातळ करणाऱ्यांच्या मागणीला वॉशिंग्टनमध्ये वजन येणार नाही. दुरुस्ती आधी दिल्लीत व्हावी.