विमान दीड तासाचं, प्रवास सतरा तासांचा

मागच्या रविवारी मुलांना घेऊन जव्हारच्या शिरपामाळावर गेले होते. डोक्यावरून एक विमान गेलं. धाकट्याने विचारलं, "अम्मी, नाशिकहून नागपूर विमानाने किती लांब?" मी म्हणाले, "बेटा, या हिशोबात तुझी अम्मी एकदा चुकली आहे."

कामठीला माझे मामू वारले, तेव्हा रात्री अकराला फोन आला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला ओझरहून नागपूरचं विमान होतं. मी मामेभावाला सांगितलं, "दीड तासाचं तर विमान आहे. अडीचला पोहोचते, जनाजा थांबवा."

हिशोब तसा बरोबर होता. ओझर ते नागपूर हवाई अंतर सुमारे ५५० किलोमीटर. पंख्याचं लहान विमान ताशी साधारण ५०० किलोमीटर जातं. म्हणजे तास-सव्वा तास. वर चढणं, उतरणं, धावपट्टीवरची चाल धरून दीड तास. पण हे अंतर धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचं. आमचं घर जव्हारला आणि मय्यत कामठीला!

मोखाडा-त्र्यंबकच्या घाटरस्त्याने ओझरला जायला तीन तास. तिथे दोन तास आधी हजर, कारण सामान घेणारा काउंटर बहुधा तासभर आधीच बंद होतो. नागपूरला उतरून बाहेर पडायला अर्धा तास, पुढे कामठीपर्यंत एक तास. म्हणजे दारापासून दारापर्यंत आठ तास, त्यात विमान फक्त दीड तास. शिवाय विमानाची वाट पाहण्यात रात्र गेली ती वेगळीच.

चारला पोहोचले. घरच्यांनी तीनपर्यंत वाट पाहिली, मग बुजुर्गांनी जनाजा उचलला. त्यांचं बरोबरच होतं. दफनाला विलंब करू नये, ही आपली शिकवण. मला फक्त कबरीवरची ओली माती दिसली. रात्रीच गाडी काढली असती, तर समृद्धी महामार्गाने दहा-अकरा तासांत, जोहरच्या आधी पोहोचले असते.

या माळावर १६६४ साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज थांबले होते आणि जव्हारच्या राजांनी त्यांना शिरपेच दिला, असं इथे सांगतात. तेव्हा अंतर मजलीत मोजत: एका दिवसात माणूस-घोडं जाईल तेवढं. मुसाफिराच्या नमाजचा हिशोबही असाच आहे. हनफी मसलकात तीन दिवसांच्या चालीचं अंतर धरतात. आपल्याकडचे बरेच उलमा ते ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर मानतात. विमान ते दहा मिनिटांत ओलांडतं, तरी माणूस मुसाफिरच राहतो आणि कसरही कायम राहते. जुनी माणसं वाट मोजायची, आपण नुसती तिकिटावरची वेळ वाचतो.

म्हणून भगिनींनो, घरात कुणी आजारी असो वा मौतीची खबर येवो, तिकीट काढण्याआधी कागदावर पाच ओळी लिहा: विमान सुटेपर्यंतची वाट, घर ते विमानतळ, तिथलं थांबणं, उड्डाण आणि पुढचा रस्ता. बेरीज करा, शेजारी गाडीचा आणि रेल्वेचा वेळ मांडा. आणि पलीकडच्या माणसांना बेरजेतला वेळ सांगा. नाही जमणार असं वाटलं, तर तसंही सांगा. मामेभावाला मी खरी वेळ सांगितली असती, तर माझ्यामुळे जनाजा तासभर खोळंबला नसता.

मुलाने माळावरच बोटांवर बेरीज केली. त्याची बरोबर आली.