डेकच्या तिकिटावर आफ्रिका

मराठी घरात कुणी म्हटले, की आमचे आजोबा बोटीने परदेशी गेले होते, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच लंडन उभे राहते. पण मुंबईच्या याच बंदरातून दुसरीही एक वाट निघत होती, नैर्ऋत्येकडे: सेशेल्स, मोम्बासा, झांझिबार, दार-ए-सलाम, बैरा आणि थेट दरबान. स्वातंत्र्यानंतरची जवळजवळ पंचवीस वर्षे ब्रिटिश इंडिया कंपनीच्या ‘करंजा’ आणि ‘कंपाला’ या बोटी त्या वाटेवर ये-जा करत. उतारूंत गुजराती, कच्छी आणि पंजाबी कुटुंबांचा भरणा मोठा. गोव्याचे कारकून आणि शिंपीही पुष्कळ. थोडीफार आपलीही मंडळी असत, रेल्वेच्या कचेरीत नाहीतर शाळेत नोकरी धरून नैरोबीला निघालेली.

माझी आत्या त्यांतलीच. लग्नानंतर ‘करंजा’ने गेली, डेकच्या तिकिटावर. डेकचे तिकीट म्हणजे केबिन नाही, खाट नाही. चढल्या चढल्या जागा धरायची, ट्रंका रचून आडोसा करायचा आणि आत वळकटी सोडायची. पहिले काही दिवस तिला बोट लागली. पोटात लिंबाच्या लोणच्याच्या फोडीखेरीज काही ठरेना. शेजारच्या कच्छी बाईंनी न विचारता तिचे तान्हे उचलून नेले आणि आपल्या मुलांत वाढवावे तसे सांभाळले. खलाशांतला एक सारंग रत्नागिरीकडचा निघाला. तिची बोली कानांवर पडताच थबकला, गाव विचारले, आणि त्या दिवसापासून गरम पाण्याची किटली सकाळी न चुकता येऊ लागली. या बोटींवर डेकचे खलाशी कोकणातले आणि जेवणघरातले बटलर गोव्याचे असणे नेहमीचेच होते. परदेशी जाणाऱ्या कोकणी बाईला अर्ध्या समुद्रापर्यंत कोकण सोबत करत असे.

त्या आठवडा-दहा दिवसांबद्दल आत्या तासन्‌तास बोलते. नैरोबीतल्या इतक्या वर्षांबद्दल मात्र विचारावे तेवढेच. मला वाटते, त्याचे कारण त्या शहराच्या रचनेत आहे. गोऱ्यांची वस्ती वेगळी, आशियाई लोकांची वेगळी, आफ्रिकनांची वेगळी. शाळा आणि दवाखानेही तसेच वाटलेले. बोटीवरही वरचा वर्ग आणि खालचा वर्ग होता, पण तो उतरताना संपत होता. नैरोबीतला संपत नव्हता. मधल्या पायरीवर उभे राहिले की खालच्याकडे पाहायची सवय लागते, ती आम्हालाही लागली, असे आत्या एकदाच म्हणाली. नंतर तो विषय तिने पुन्हा काढला नाही. स्थलांतरितांच्या कष्टांचे कौतुक करताना ही कबुलीही आपण ऐकली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आणि याच वाटेवर ‘तिलावा’ बुडाली. 20 नोव्हेंबर 1942 ला मुंबईहून सुटलेली ही बोट मोम्बासामार्गे दरबानला निघाली होती. 23 तारखेच्या पहाटे जपानी पाणबुडीने तिच्यावर टॉर्पेडो डागला. बोट लगेच बुडाली नाही. खाली उतरलेले काही जण पुन्हा वर चढत होते, तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो आला. बोटीवर साडेनऊशेच्या वर माणसे होती. त्यांपैकी 280 गेली. वाचलेल्यांतल्या बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेने 27 तारखेला परत मुंबईलाच आणून सोडले. तिलावावर चांदीच्या 2,364 लगडीही होत्या. त्या 2017 मध्ये समुद्रतळातून वर काढल्या गेल्या आणि त्यांचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला गेला. चांदीचा इतका काटेकोर हिशेब लागतो आणि माणसे ज्यांच्या त्यांच्या घरात, भिंतीवरच्या तसबिरींत राहतात, याचा मला राग येतो.

परतीच्या प्रवासाबद्दल आमच्या घरात कुणी फारसे बोलत नाही. केनियाने 1967 मध्ये नागरिकत्व न घेतलेल्यांसाठी कायदा कडक केला, तेव्हा पुष्कळांनी घाईने ब्रिटन गाठले. काही मुंबईला परतले, त्यांत आत्याचे कुटुंब होते. आतेभाऊ तेव्हा शाळेत होता. विषुववृत्त ओलांडताना डेकवर झालेली धमाल, तोंडाला फासलेला साबणाचा फेस, रात्रीचा सिनेमा, एवढेच तो रंगून सांगतो. तो बोलत असताना आत्या स्वयंपाकघरात निघून जाते. पुढे 1972 मध्ये युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांची मुदत दिली, तेव्हा मोम्बासाहून मुंबईला येणाऱ्या बोटींत याहून कितीतरी हलाखीची माणसे होती. ‘करंजा’ 1976 मध्ये विकली गेली, ‘ननकौरी’ हे नाव घेऊन अंदमानच्या वाटेवर लागली आणि तिची आफ्रिकेची वाट बंद झाली.

बॅलार्ड पिअरला आता क्रूझसाठी नवे टर्मिनल उभे राहिले आहे. पर्यटकांची ये-जा वाढेल, चांगलेच आहे. त्याच इमारतीत एक भिंत या वाटेसाठी राखून ठेवावी, अशी माझी बंदर प्रशासनाकडे मागणी आहे. तिथे तिलावातल्या 280 माणसांची नावे हवीत, सारंगांची आणि खलाशांचीही, आणि ती उतारूंच्या यादीखाली नव्हे, त्यांच्या बरोबरीने. ज्यांच्या घरात जुनी तिकिटे, पिवळ्या तापाच्या लशीचे दाखले, बोटीवर काढलेले फोटो पडून असतील, त्यांनी ते माळ्यावरून खाली काढावेत. फोटोत कोण कोण आहे, ते सांगणारी माणसे अजून घरात आहेत.