अहवालातला लाभार्थी अहवाल कधी लिहिणार?

पदवी हाती पडली की नागपूरच्या आंबेडकरी तरुणापुढे ठरलेल्या वाटा असतात. एमपीएससी, बँक, शिक्षकी पेशा किंवा पुण्यातली कंपनी. या वाटा चुकीच्या नाहीत. परंतु एक मोठे क्षेत्र असे आहे की जिथे आपल्याच समाजाविषयी रात्रंदिवस लिहिले, मोजले आणि ठरवले जाते. मात्र ठरवणाऱ्यांच्या खुर्चीवर आपला माणूस क्वचितच दिसतो. ते क्षेत्र म्हणजे आंतरराष्ट्रीय विकास. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था, जागतिक बँक, युनिसेफ आणि मोठ्या स्वयंसेवी संस्था गरिबी, कुपोषण, पाणी, शिक्षण यांवर काम करतात. त्यांच्या अहवालात आपली वस्ती 'लाभार्थी' म्हणून येते. लेखक म्हणून कधी येणार?

लेखणी दुसऱ्याच्या हाती असली की काय होते, हे डर्बनला दिसले. २००१ साली तिथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न जगापुढे मांडला. भारत सरकारने 'जात म्हणजे वंश नव्हे' अशी भूमिका घेतली आणि सरकारांच्या अंतिम जाहीरनाम्यातून जात वगळली गेली. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्माधारित भेदभावात जातीचाही समावेश होतो असे स्पष्ट केले. चिकाटीने पाठपुरावा केला, कायद्याची भाषा अवगत असली तर दार उघडते. पण २०१५ साली जगाने शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे स्वीकारली तेव्हा पुन्हा तेच घडले. विषमता कमी करण्याच्या १०.२ क्रमांकाच्या लक्ष्यात वय, लिंग, अपंगत्व, वंश, धर्म यांची नावे आहेत. जातीचे नाव नाही. ती 'इतर' या शब्दात कोंबली गेली. हजारो वर्षांचे दुःख एका 'इतर'मध्ये!

विकासाचा अभ्यास आपल्याला परका आहे काय? मुळीच नाही. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेल्या बाबासाहेबांनी अर्थशास्त्र निवडले. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. केवळ जमिनीचे तुकडे जोडून शेतकरी सुधारणार नाही. शेतीवर गरजेपेक्षा जास्त हात अवलंबून आहेत, त्यांना उद्योगात काम मिळाले पाहिजे, असा त्याचा आशय होता. या विचाराच्या जवळची मांडणी आर्थर लुईस यांनी १९५४ साली केली आणि पुढे त्यांना नोबेल मिळाले. ज्याला आज विकासाचे अर्थशास्त्र म्हणतात, त्याचा पाया आपल्या बापाने आधीच घातला होता.

त्या वाटेने आपली माणसे गेलीही आहेत. अमरावती जिल्ह्यातून आलेले डॉ. सुखदेव थोरात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. भेदभाव आकडेवारीने सिद्ध करता येतो हे त्यांनी दाखवले. डॉ. नरेंद्र जाधव यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत काम केले, इथिओपिया आणि अफगाणिस्तानच्या मध्यवर्ती बँकांना सल्ला दिला. बुलडाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे २०२१ साली ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या सोआसमध्ये गेले. त्यांची एकलव्य संस्था घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या पिढीला उच्च शिक्षणाची वाट दाखवते.

मग अडते कुठे? पहिली अडचण सरकारी. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. २०२२ साली तिच्या नियमात भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास यांना मनाई करण्यात आली. म्हणजे १९१६ साली कोलंबियात जातीवर निबंध वाचणाऱ्या बाबासाहेबांनी अर्ज केला असता, तर त्यांचाच विषय नियमात बसला नसता! २०२५ साली निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांना पत्रे मिळाली. उरलेल्यांना निधी असेल तर, असे सांगण्यात आले. सप्टेंबरात वर्ग सुरू होणारा विद्यार्थी 'निधी असेल तर'च्या भरवशावर व्हिसा कसा काढणार?

दुसरी अडचण या क्षेत्राचीच. समतेचे धडे देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. न्यूयॉर्क, जिनिव्हात सहा महिने स्वखर्चाने राहणे शेतमजुराच्या पोराला जमेल काय? कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या बऱ्याच जागा श्रीमंत देश पैसे भरून स्वतःच्या नागरिकांसाठी राखतात. आरक्षणाला नाके मुरडणाऱ्यांना हे आरक्षण दिसत नाही.

म्हणून तरुणांनी डोळसपणे पाऊल टाकावे. २०२५ साली अमेरिकेची यूएसएड ही मदतसंस्था बंद झाली, ब्रिटनने मदतीला कात्री लावली. अशा वेळी घर गहाण ठेवून एका वर्षाची परदेशी पदवी घेणे शहाणपणाचे नाही. शिष्यवृत्ती मिळाली तरच जावे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी ७५ जागा आहेत. चेव्हनिंगला सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. तो गडचिरोली, यवतमाळात मिळवता येतो. मुंबई आणि तुळजापूरची टाटा समाजविज्ञान संस्था, बंगळुरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ देशातच आहेत. आणि विषय निवडताना नुसत्या गोड शब्दांवर भुलू नये. संख्याशास्त्र, सार्वजनिक वित्त, अर्थसंकल्प वाचण्याची विद्या घ्यावी. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा कुठे वळवला गेला हे ज्याला शोधता येते, त्याची गरज जिनिव्हाला आहे आणि नागपूरलाही.

समाजाचेही कर्तव्य आहे. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत उडणारा पैसा एका विद्यार्थ्याच्या इंग्रजीच्या परीक्षेची फी, अर्जाची फी आणि विमानाचे तिकीट भागवू शकतो. दर विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ अर्ज आणि निबंध लिहिण्याच्या मार्गदर्शनाला द्या. परदेशात शिकून आलेल्यांनी त्या संध्याकाळी हजर राहावे. सरकारकडे मागणी एकच, पण ठाम असावी: विषयावरची बंदी उठवा आणि जूनपूर्वी पत्र हाती द्या.

आपले दुःख जगाला सांगणारे पुष्कळ झाले. आता त्याचा हिशेब मांडणारे हवेत, आणि ते आपल्या वस्तीतून यायला हवेत.