वाचायची पुस्तके आणि लिहायची वही

गेल्या महिन्यात पुतण्याचा फोन आला. पारनेर तालुक्यातल्या सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत तो एका कारखान्यात सुपरवायझर आहे. वय चौतीस, पदरात एक मूल, फ्लॅटचे हप्ते चालू. म्हणाला, "काका, तुम्ही बँकेत आयुष्य काढलंत, शिवाय लेखक आहात. पैसा कसा वाढवायचा, पैशाकडे कसं बघायचं, यावरची पाच चांगली पुस्तकं सांगा ना."

मला बरे वाटले. माझ्यासारख्या कादंबरीकाराला सहसा कोणी पुस्तकांविषयी विचारत नाही. विचारतात ते मुदत ठेवीचा दर. मी उत्साहाने नावे सांगू लागलो. पण बोलता बोलता खरी गोष्ट बाहेर आली. त्याने तीन पुस्तके आधीच वाचली होती आणि त्यांच्या जोरावर एक बेत ठरत आला होता. पगारावर तीन लाखांचे कर्ज काढायचे आणि ओळखीच्या एकाकडे शेअर बाजारात लावायला द्यायचे. तो महिन्याला दहा टक्के देतो म्हणे. "पैशाला कामाला लावायचं, काका. पुस्तकातच लिहिलंय."

मी फोनवरच ओरडलो. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "आईचे पैसे ठेवायला तुम्हीच सांगितलं होतं ना?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या उत्तराच्या शोधात हा लेख लिहितो आहे.

आधी पुस्तकांविषयी. त्यांना नावे ठेवायला मी बसलेलो नाही. जॉर्ज क्लेसन या अमेरिकन लेखकाचे 'द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन' १९२६ सालचे. कमाईतला दहावा हिस्सा आधी स्वतःसाठी बाजूला काढा, हा त्याचा गाभा. कर्जात बुडालेल्या माणसासाठी त्यात एक सोपी वाटणी आहे. सात हिस्से घरखर्चाला, दोन कर्जफेडीला, एक शिलकीला. गंमत अशी की या गोष्टी आधी छोट्या पत्रकांच्या रूपाने निघाल्या आणि बँका व विमा कंपन्या त्या आपल्या ग्राहकांना वाटत. म्हणजे ठेवी याव्यात म्हणून आमच्याच धंद्याने वाटलेले हे साहित्य! तरीही सल्ला खोटा नाही.

'थिंक अँड ग्रो रिच' हे नेपोलियन हिलचे पुस्तक १९३७ चे. त्यात इच्छेला फार मोठे स्थान आहे. रॉबर्ट कियोसाकीचे 'रिच डॅड पुअर डॅड' १९९७ चे. खिशात पैसे आणते ती मालमत्ता आणि खिशातून काढते ते देणे, ही त्यातली व्याख्या हप्त्यावर मोटार घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावी. मॉर्गन हाउसेलचे 'द सायकॉलॉजी ऑफ मनी' २०२० चे. ते मला सगळ्यांत आवडले. त्यात रोनाल्ड रीड नावाच्या माणसाची हकिगत आहे. पेट्रोल पंपावर नोकरी केलेला आणि पुढे झाडलोट करणारा हा माणूस २०१४ साली वारला, तेव्हा त्याच्यामागे सुमारे ऐंशी लाख डॉलर निघाले. युक्ती काही नव्हती. थोडे थोडे साठवले, चांगल्या कंपन्यांत घातले आणि कित्येक दशके हात लावला नाही.

आपल्याकडेही ही परंपरा नवी नाही. लोकहितवादींनी अर्थशास्त्र मराठीत आणण्यासाठी 'लक्ष्मीज्ञान' लिहिले ते १८४९ साली. त्याच्याही फार आधी समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात करंट्याची लक्षणे एका समासात आणि सदेवाची लक्षणे पुढच्या समासात सांगून ठेवली आहेत. पैशाची 'मानसिकता' वगैरे जे आज म्हणतात, ते यापेक्षा फार वेगळे नाही.

मग अडते कुठे? पुस्तक दुसऱ्याचा अनुभव सांगते. तुमच्या घरातला पैसा कुठल्या दाराने जातो, ते त्याला ठाऊक नसते. तुमच्यापुढे सहीसाठी ठेवलेल्या कागदावर काय लिहिले आहे, तेही त्याला ठाऊक नसते. आणि माणसे बुडतात ती नेमकी या दोन ठिकाणी. श्रीगोंदा, जामखेड, श्रीरामपूर अशा शाखांतून मी नोकरी केली. इच्छा कमी पडली म्हणून बुडालेला माणूस मला क्वचितच दिसला. मित्रासाठी न वाचता जामीनदार म्हणून सही केलेले, लग्नासाठी पीककर्ज वापरलेले आणि भाव चढलेला असताना त्याच भावाच्या भरवशावर कर्ज काढलेले मात्र शेकड्यांनी पाहिले.

यातली शेवटची चूक आपल्या जिल्ह्याने फार मोठ्या प्रमाणावर एकदा भोगली आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. तिथला कापूस अडला आणि आपल्याकडे कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मागाल तितके कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळला. त्यात सरकारने सारा वाढवला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी दंगा उसळला. (पुतण्याचा सुपा वेगळा, तो आपला पारनेरचा.) तिथून लोण नगर जिल्ह्यात आले. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या भागांतली कुणबी माणसे सावकाराच्या दारात जमली. त्यांनी जिवापेक्षा कागद मागितले. खते, रोखे, गहाणपत्रे हिसकावली आणि जाळली.

मला या इतिहासात एकच गोष्ट दिसते. त्या माणसांच्या आयुष्यातले पैशाचे एकमेव पुस्तक म्हणजे सावकाराची चोपडी. आणि ते त्यांना वाचता येत नव्हते. त्यात त्यांचेच नाव होते, त्यांचाच अंगठा होता, पण आकडे दुसऱ्याचे. वाचता न येणारे पुस्तक जाळण्यापलीकडे माणूस काय करणार? सरकारने १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात कर्जदाराला दिलेल्या पैशाची पावती आणि आपला हिशोब लिहून मागण्याचा हक्क मिळाला. आज आपण सहज खिशात टाकतो त्या पासबुकामागे एवढा इतिहास आहे.

पुढे १९२३ साली लोणी बुद्रुकला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावकऱ्यांची सहकारी पतपेढी उभी केली. शाळा त्यांची चौथीपर्यंतच झालेली. गावोगाव फिरून, शेतकऱ्यांकडून भागाचे पैसे गोळा करून महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना त्यांनी प्रवरेच्या काठी उभारला. तो १९५० च्या अखेरीस सुरू झाला. त्याचे पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ, म्हणजे देशातले एक मोठे अर्थशास्त्रज्ञ. एकाने अर्थशास्त्राची पुस्तके कोळून प्यायलेली, दुसऱ्याची शाळा चौथीतच सुटलेली. पण दोघे एका टेबलाशी बसले. चोपडी आता शेतकऱ्याची होती.

याच जिल्ह्याने उलटी बाजूही पाहिली. १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द केला. शेवगाव भागातल्या शेअर बाजाराच्या नावाखालील फसवणुकीच्या बातम्या २०२४ साली आपण वर्तमानपत्रांतून वाचल्या. तेव्हा 'आपल्या माणसांची संस्था' एवढ्यावर डोळे मिटून चालत नाही.

आणि आता माझी गोष्ट.

थोरले बंधू शिक्षक होते. २०१६ साली ते गेले. वहिनींच्या हाती त्यांचे चार लाख आले. २०१८ साली मीच त्यांना म्हणालो, "वहिनी, बँकेत ठेवून काय मिळतं? आपल्या ओळखीची पतसंस्था आहे, अडीच टक्के जास्त देते." मी स्वतः बँकेत अधिकारी. दोन लाखांचे कर्ज देताना कर्जदाराचे दहा कागद तपासणारा. पण त्या संस्थेचा ऑडिट वर्ग कोणता, थकबाकी किती, यातले काही विचारले नाही. संचालकांपैकी दोघे ओळखीचे होते, चहा चांगला देत. २०२१ साली पैसे देणे थांबले. चार लाखांपैकी आजवर एक लाख दहा हजार परत आले आहेत, तेही तुकड्यातुकड्यांनी.

वहिनी सातवी शिकलेल्या. लग्न झाल्यापासून हिशोबाची वही लिहितात. दूध, किराणा, शाळेची फी, आहेर, उसने दिलेले, परत आलेले, सगळे. मी पूर्वी थट्टा करायचो, की कोथिंबिरीच्या जुडीचीसुद्धा नोंद! फोननंतरच्या रविवारी मी श्रीगोंद्याला गेलो, पुतण्यालाही बोलावले आणि त्यांच्याकडे ती वही मागितली. २०१८ चे पान निघाले. तारखेपुढे लिहिले होते, 'चार लाख. भाऊजींच्या सांगण्यावरून.' बस, एवढेच. सात वर्षांत त्यांनी मला एका शब्दाने विचारले नव्हते. वहीने मात्र विसरू दिले नव्हते.

मी पुतण्याला म्हणालो, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. मी चुकलो, आणि माझं शिक्षण कमी होतं म्हणून नाही चुकलो. कागद मागितला नाही म्हणून चुकलो. तू तरी माग."

मग आम्ही तिघांनी वहीच्या कोऱ्या पानावर गणित मांडले. महिन्याला दहा टक्के, व्याजावर व्याज. एक लाखाचे वर्षात तीन लाख तेरा हजार होतात. पाच वर्षांत तीन कोटींच्या वर. ज्याला खरोखर असा धंदा जमतो, त्याला सुप्याच्या सुपरवायझरचे तीन लाख कशाला हवेत? शेजारीच दुसरे गणित. सात टक्क्यांनी पैसा साधारण दहा वर्षांत दुप्पट होतो. पहिले गणित वाचताना माणूस उठून उभा राहतो, दुसरे वाचताना जांभई येते. माझ्या नोकरीचा अनुभव असा, की जांभई येणारे गणितच बहुधा खरे निघते.

वाचकहो, आता विचाराल की मग पुस्तके कुठली? सांगतो. क्लेसन वाचा, दहावा हिस्सा बाजूला काढायची सवय लावण्यासाठी. हाउसेल वाचा, धीर धरण्यासाठी. शेअर बाजारात उतरायचेच असेल तर बेंजामिन ग्रॅहमचे १९४९ चे 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर' वाचा. ते अवघड वाटले तर तेही एक उत्तरच समजा. महात्मा फुल्यांचे 'शेतकऱ्याचा असूड' वाचा. न वाचता आलेल्या कागदाची किंमत काय पडते, ते त्यात कळते.

पण या सगळ्यांआधी शंभर पानी एक वही आणा. तीन महिने रोज रात्री दहा मिनिटे लिहा. आणि पैसा कुठेही ठेवण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागा. संस्था कोणाच्या नियंत्रणाखाली आहे, ऑडिट काय म्हणते आणि बुडाली तर कोण देणार. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे, मुद्दल आणि व्याज धरून, पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. हे वाक्य मला २०१८ सालीही पाठ होते. वहिनींना मात्र मी ते सांगितले नाही.

निघताना पुतण्याने आईकडून एक कोरी वही मागून घेतली. कर्जाचा अर्ज तूर्त बाजूला ठेवला आहे, म्हणाला. 'तूर्त' हा शब्द त्याचाच. दिवाळीला गेलो की आधी वही बघणार आहे.